भालाफेक: पळत येऊन टाकला तरी भाला जागेवरून टाकल्याइतकाच जातो, नेमकं काय चुकतंय?

मलप्रभाकाठ (१८ जुलै, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी पी.टी. शिकवतो. माझा स्वतःचा खेळ खो-खो. भाला मी स्पर्धेत कधी टाकलेला नाही आणि आता शिकवायची वेळ आलीय, म्हणून इथं विचारतोय.

नववीतली एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची, उजव्या हाताची. अंगानं किरकोळ, पण खांदा असा मोकळा की मैदानाच्या टोकावरून फेकलेला क्रिकेटचा चेंडू थेट यष्ट्यांपाशी येतो. आजोळ चिक्कोडीकडचं. लहानपणी सुट्टीत तिथं जोंधळ्याच्या मळ्यात पाखरं राखताना गोफण फिरवलेली. ५०० ग्रॅमचा भाला ती जागेवर उभी राहून २२ मीटर टाकते. दहा-बारा पावलं पळत येऊन टाकला तर साडेतेवीस, कधी कधी २१ सुद्धा. एवढं पळून दीड मीटरची वाढ? मागच्या वर्षी तालुक्याला तिच्या तिन्ही फेकी फाऊल गेल्या आणि जिल्ह्याची वाट तिथंच बंद झाली. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

शाळेत भाले दोन. एक बरा, दुसरा शेपटाकडं वाकलेला. मैदान लाल मातीचं, सध्या घोट्याएवढं गवत आणि चिखल. मोबाईलवर बघून जमेल तेवढं सांगतो. आधी काय तपासू?

सांबरा_रनर (१८ जुलै, रात्री ९:५५)

सर, हाताची ताकद कमी पडतेय. डंबेल सुरू करा आणि रोज शंभर फेकी टाकून घ्या. पंधरा दिवसांत फरक दिसेल. आम्ही असंच केलंय.

टिळकवाडी_फिजिओ (१८ जुलै, रात्री १०:३०)

रोज शंभर फेकी पंधरा वर्षांच्या मुलीला कृपा करून देऊ नका. या वयात हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात. भाला सोडताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जबरदस्त ताण येतो आणि दुखणं सुरू झालं की मूल सांगत नाही, कारण संघातून काढतील ही भीती असते. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ ला शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं ते अख्खं वर्ष गेलं. त्याच्याकडं डॉक्टर होते, फिजिओ होते. आपल्या पोरींकडं कोण आहे?

आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस. त्या दिवशी पूर्ण जोराच्या वीस-पंचवीस फेकी, त्याहून जास्त नको. बाकीचा सराव पावलांचा, उड्यांचा, पोट-कंबरेचा. कोपराच्या आतून किंवा कंबरेच्या खालच्या भागात दुखतंय म्हणाली तर त्याच दिवशी भाला खाली ठेवायचा. कंबरदुखीकडं तर मुळीच दुर्लक्ष नको, कारण भाला सोडण्याआधी पाठ धनुष्यासारखी ताणली जाते.

चिक्कोडीची_ताई (१९ जुलै, सकाळी ६:२०)

सर, हात तोच आहे ना? जागेवरून २२ टाकणारा हात पळत आल्यावर कमजोर कसा होईल? सांबऱ्याच्या दादांचा राग नाही, पण इथं हाताला हात लावूच नका.

मी सहा वर्षं भाला टाकला आणि आता अकरा वर्षं शिकवते. मला कळलंय ते असं: पळून जमवलेला वेग म्हणजे डोक्यावरची भरलेली घागर. शेवटच्या चार-पाच पावलांत ती कुठंतरी हिंदकळते आणि घरी पोचेपर्यंत अर्धी होते. तुमच्या मुलीची घागर कुठं सांडते तेवढंच शोधायचं.

मोबाईल तिच्या उजव्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर, भाला सुटतो त्या जागेच्या समोर ठेवा. स्लो मोशन लावा. पाच फेकी काढा आणि तिच्याबरोबर बसून बघा. भाला किती लांब गेला ते बघू नका, पाय बघा. शेवटच्या तीन पावलांत ती हळू होते का? उजवा पाय टेकतो तेव्हा डावा कुठं असतो, मागंच रेंगाळतो की उजव्याला ओलांडून पुढं निघालेला असतो? डावा टेकल्यावर गुडघा ताठ राहतो की दुमडतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावा पाय जमिनीला लागतो त्या क्षणी भाल्याचा हात अजून मागं असतो की पुढं यायला लागलेला असतो?

हे कळवा, मग बोलू.

हल्याळचा_पाऊस (१९ जुलै, सकाळी ८:०५)

मध्येच विचारतो, माफ करा. भाला धरायचा कसा? आमच्या मुलाला एकानं दोन बोटांत धरायला सांगितलं, दुसऱ्यानं अंगठ्यानं.

कडोलीचे_आजोबा (१९ जुलै, सकाळी ९:४०)

दोघंही बरोबर आहेत. धरायच्या पद्धती तीन. भाल्याच्या दांड्यावर धरायला गुंडाळलेली सुतळी असते, तिच्या मागच्या कडेला अंगठा आणि पहिलं बोट अडकवायचं, ही एक. अंगठा आणि मधलं बोट अडकवून पहिलं बोट दांड्यावर मागं सोडायचं, ही फिनलंडवाल्यांची. आणि पहिल्या व मधल्या बोटाच्या बेचक्यात भाला धरायचा, ही तिसरी. तिसरीत कोपराला जरा आराम असतो म्हणतात. मुलाला तिन्ही पद्धतींनी आठ-आठ दिवस टाकू द्या, त्याचा हातच सांगेल. फक्त बोटं सुतळीच्या मागच्या कडेवर अडकली पाहिजेत, आणि भाला तळव्यात आडवा न येता लांबीनं बसला पाहिजे. मूठ आवळायची नाही. तळवा आभाळाकडं.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो. बेळगावच्या सेंटरवर पहिल्यांदा भाला हातात घेतला तेव्हा तो जुना भाला होता, तरंगत जाणारा. त्याबद्दल सवडीनं लिहितो. आज शेतात रोप लावणी आहे.

मलप्रभाकाठ (२१ जुलै, रात्री ८:१५)

ताई, काढले व्हिडिओ. पावसानं दोन दिवस उसंत दिली नाही, आज दुपारी तासभर उघडलं. तुम्ही विचारलं त्या क्रमानंच सांगतो.

हळू होते. चांगलीच हळू होते. सात-आठ पावलं छान पळते, मग दोन बारीक पावलं टाकते, जवळजवळ उभी राहते आणि मग फेकते. उजवा टेकतो तेव्हा डावा अजून मागं असतो. डावा टेकल्यावर गुडघा दुमडून ती खाली बसल्यासारखी होते. आणि हात डाव्या पायाच्या आधीच निघतो. शिवाय भाल्याचं टोक उजवीकडं बाहेर गेलेलं दिसतं, आणि हात खांद्यावरून न येता बाजूनं येतो.

म्हणजे सगळंच चुकतंय. मी वर्षभर तिला "जोरात टाक, जोरात टाक" म्हणत होतो याचं फार वाईट वाटलं.

चिक्कोडीची_ताई (२१ जुलै, रात्री १०:५०)

वाईट वाटून घेऊ नका, सर. पाच दिसल्या तरी चुका पाच नाहीत. दोन आहेत, बाकीची त्यांची पोरं. एक, ती थांबते. दुसरी, बाजूनं येणारा हात, तो गोफणीचा. गोफणीचं नंतर बोलू.

आधी थांबण्याचं. मोठे खेळाडू पळतात साधारण ताशी वीस-बावीस किलोमीटरनं, आणि भाला हातातून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभरच्या आसपास असतो. मधला वेग कुठून येतो? नुसत्या हातातून येत नाही. बैलगाडी वेगात असताना चाक दगडाला अडलं तर गाडीवर उभा असलेला माणूस पुढं उडतो. गाडी अडते, माणूस उडतो. भालाफेकीत डावा पाय तो दगड आहे. ताठ पाय, टाच आधी, अंगाच्या बराच पुढं. कंबरेखालचं शरीर तिथं अडतं, मग कंबर, मग छाती, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट, अशी एकेक गोष्ट आपल्या खालच्या गोष्टीच्या वेगावर चढत जाते. आसूड ओढला की मुठीचा झटका टोकाशी जाऊन फटकन वाजतो तसं.

तुमची मुलगी गाडी आधीच थांबवते. मग दगड असून काय उपयोग? आणि गुडघा दुमडतो म्हणजे दगडही मऊ. उरलं काय, तर एकटा हात. म्हणून पळत आली तरी २२ च.

नीरजची टोकियोतली फेक सगळ्यांनी शंभरदा बघितलीय, ८७.५८ वाली. पुन्हा एकदा बघा आणि हात झाकून फक्त डावा पाय बघा. अडल्यावर तो पुढं जमिनीवर हातांवर पडतो ना? वेग कुठंच सांडलेला नाही, म्हणून तो पडतो. पडणं शिकवायचं नाही हां, आपल्या चिखलात दात पडतील. पण ते कशामुळं होतं हे मुलीला दाखवा.

आता करायचं काय. दहा-बारा पावलं सध्या बंद. पाचच पावलं. भाला आधीपासूनच मागं नेलेला, हात खांद्याच्या उंचीवर सरळ, टोक उजव्या भुवईपाशी. टोक भुवईपासून लांब गेलं की भाला वाऱ्यात आडवा जाणार, हे पक्कं. चाल डाव्या पायानं सुरू: डावा, उजवा, डावा, मग उजव्याची लांब सपाट झेप, आणि लगेच डावा. चौथं आणि पाचवं पाऊल चिकटून आलं पाहिजे. उजवा टेकला आणि डावा टेकला यात श्वास घ्यायलाही वेळ नको. झेप उंच नको, उंच उडाली तर खाली येईपर्यंत वेग जातो. जमिनीला घासून गेल्यासारखी पुढं. पाय पुढं पळतात, भाला मागंच राहतो. हात विसरायचा. डावा टेकेपर्यंत हाताला हलायची परवानगीच नाही.

शाळेत लेझीम असेल ना? हलगी असेल तर आणखी चांगलं. तोंडानं मोजू नका, हलगीवर वाजवा: ढण, ढण, ढण, आणि मग ढ-टाक! शेवटचे दोन ठोके जोडून. माझ्या मुली हे आठवड्यात शिकतात. मोजून सांगितलं तर महिना जातो. पहिले चार दिवस भालाच नको, नुसती पावलं. मग टेनिस बॉलला चीर पाडून आत वाळू भरा, चिकटपट्टी गुंडाळा आणि तो शाळेच्या भिंतीवर टाकू द्या. मग भाला, तोही दहा-बारा मीटरवर गवतात खुणेची फक्की टाकून तिथं टोक रुतवायचं. लांब टाकायचं नाही. टोक रुतलं म्हणजे भाला सरळ गेला.

सांबरा_रनर (२२ जुलै, सकाळी ७:१०)

ताई, पटलं. माझ्या धाकट्या भावालाही मी शंभर फेकी लावल्या होत्या, त्याचा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. कारण आज कळलं. पुन्हा कुणाला असं सांगणार नाही.

गडहिंग्लजहून (२२ जुलै, सकाळी १०:००)

भाल्यांची अडचण आमच्याकडंही होती. आम्ही चिव्याचे, म्हणजे बारीक बांबूचे भाले केले. सरळ, वाळलेली, पेरं जवळजवळ असलेली काठी घ्यायची. बोटावर तोलून बघायची, तोल साधतो तिथं सुतळी घट्ट गुंडाळायची. पुढच्या टोकाला लोखंडी टोपण बसवलं की तोल पुढं सरकतो, म्हणून टोपण बसवूनच तोलायचं. टोक बोथट ठेवा. पाच भाले झाले की पाच मुली एकाच वेळी ओळीत टाकतात, वाट बघत बसायला नको.

अन्नू रानीचं माहीत असेलच. मेरठजवळच्या खेड्यातली, पहिला भाला बांबूचा आणि त्याआधी शेतात ऊस फेकून सराव. २०२२ ला तिनं ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण आणलं. आपल्याकडं उसाला काय तोटा?

वाकलेला भाला मात्र फेकायला देऊ नका. तो हवेत थरथरतो आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं.

कडोलीचे_आजोबा (२३ जुलै, दुपारी २:२५)

लावणी झाली, आता बसून लिहितो.

पूर्वीचा भाला हवेत तरंगायचा. १९८४ ला पूर्व जर्मनीच्या उवे होननं १०४.८० मीटर टाकला, मैदान अपुरं पडायला लागलं. शिवाय तो भाला टोकावर न पडता पोटावर पडायचा, मग टोक आधी लागलं की नाही यावर पंचांशी हुज्जत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढं नेला. बायकांचा भाला १९९९ ला बदलला. तेव्हापासून भाला नाक खाली घालून उतरतो. नव्या भाल्यानं यान झेलेझ्नीनं १९९६ ला ९८.४८ टाकला, तो विक्रम आजही आहे.

हे सांगायचं कारण, आमच्या वेळचे लोक आजही पोरांना "वर टाक, आभाळात टाक" म्हणतात. जुन्या भाल्याला ते चालायचं. आता नाक वर ठेवून फेकलं की भाला वाऱ्यात उभा राहतो आणि ढेकळासारखा पडतो. पुस्तकातले पंचेचाळीस अंश दगडासाठी. भाल्याला हवा थोडी उचलते, आणि माणसाचं अंग वरच्या दिशेला तेवढा जोर देऊ शकत नाही. तीस ते पस्तीस अंश पुरे. आणि भाला ज्या दिशेनं चाललाय त्याच दिशेला त्याचं टोक पाहिजे. आमचे हवालदार म्हणायचे, भाल्याच्या शेपटातून बघ, टोकातून फेक.

आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो. समोरून वारा आला तर टोक आणखी खाली. आपल्या मैदानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे मुलीनं बघायला शिकलं पाहिजे.

एक विनंती. शाळेच्या मैदानावर म्हशी येतात, लहान मुलं आडवी पळतात. फेकणाऱ्याच्या पुढं कुणी नको, आणि भाले आणायला सगळ्यांनी एकदम चालत जायचं, पळत कधीच नाही. रुतलेल्या भाल्याचं शेपूट डोळ्यात जातं. मी एकदा ते पाहिलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

चिक्कोडीची_ताई (२३ जुलै, रात्री ९:३०)

आजोबा, हे सगळं मी माझ्या मुलींना वाचून दाखवणार.

सर, आता गोफणीच्या हाताचं. आमच्या भागातल्या पोरांचा खांदा गोफणीनं आणि चिंचा पाडून तयार झालेला असतो, हे आपलं धन आहे. पण गोफण फिरते बाजूनं आणि भाला यावा लागतो वरून. नियमच आहे, भाला खांद्यावरून किंवा दंडाच्या वरच्या भागावरून सुटला पाहिजे, गरगरवून भिरकावायचा नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी कोपर खाली घालून बाजूनं फेकणं म्हणजे फिजिओताईंनी सांगितलेल्या त्याच अस्थिबंधावर घाव.

उपाय साधा. तिच्या उजव्या बाजूला हातभर अंतरावर, खांद्याच्या उंचीला दोरी बांधा. हात बाजूनं आला तर दोरीला लागेल. तिथं उभं राहून वाळूचा चेंडू. आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून जड चेंडू, फुटबॉलवाले बाहेरून आत टाकतात तसा. एक गुडघा टेकवूनही करून घ्या. कोपर कानाच्या वरून गेलं पाहिजे. जोडीला डावा हात: तो सुरुवातीला पुढं लांब असतो, छाती वळताना कोपरातून दुमडून बरगडीशी ओढायचा. डावा हात लोंबत राहिला की छाती डावीकडं कोसळते आणि उजवा पुन्हा बाजूनं येतो.

टिळकवाडी_फिजिओ (२३ जुलै, रात्री ९:४८)

गुडघ्यावरचा सराव चांगला, फक्त खाली पोत्याची घडी ठेवा.

मलप्रभाकाठ (३० जुलै, रात्री ९:००)

हलगी शाळेत होती. एक मुलगा वाजवतो. चार दिवसांत पावलं बसली, ढ-टाक वर डावा पाय असा टेकतो की चिखल उडतो. दोरीचाही उपयोग होतोय. पाच पावलांवर भाला २५ गेला. मी एकटाच मैदानावर टाळ्या वाजवत होतो.

पण काल पुन्हा मूळ ठिकाणी आलो. स्पर्धेचा सराव म्हणून फक्कीनं चार मीटर रुंदीची धावपट्टी आखली, पुढं कमान, म्हणजे फेकताना ओलांडायची नाही ती वाकडी रेष आखली. आणि ती पुन्हा थांबायला लागली. पावलं विसरली, हलगी वाजत राहिली. २२. रागावलो नाही. जवळ बसून विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सर, रेष दिसली की पाय आवरतात."

मागच्या वर्षीच्या तीन फाऊल. मी पहिल्याच पोस्टमध्ये एका ओळीत लिहून पुढं गेलो होतो. तिनं ते वर्षभर पायात घालून ठेवलं होतं.

चिक्कोडीची_ताई (३० जुलै, रात्री १०:२०)

सर, हे तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. नाहीतर आम्ही सगळे इथं गुडघ्यावरच लिहीत बसलो असतो.

रेष पुसून टाका. खरंच पुसा. मोकळ्या मैदानात तिला पाच पावलं टाकू द्या, डावा पाय जिथं अडतो तिथं खुंटी ठोका. दहा वेळा. खुंट्या कुठं जमतात ते बघा, हीच तिची जागा. भाला सुटल्यावर तोल सावरायला उजवं पाऊल पुढं पडतं, त्यासाठी दीड-दोन मीटर धरा. म्हणजे तिच्या जागेच्या दोन मीटर पुढं कमान. तिथून उलटं मागं टेपनं मोजा आणि सुरुवातीची खूण ठरवा. धावपट्टीच्या कडेला खूण ठेवायची परवानगी असते, आत नाही. मग तिला एकच सांगा: तुझी रेष पुढं नाही, तुझी रेष मागं आहे, सुरुवातीची. ती बरोबर पकडलीस की पुढची बघायची गरजच नाही.

दोन-तीन दिवस खूण मोजून झाली की कमान परत आखा, पण तिला न सांगता, आणि तीन मीटर लांब. हळूहळू जवळ आणा.

आणि नियम समजावून सांगा. मुलांना फाऊल म्हणजे काय ते नीट माहीतच नसतं. रेषेला पाय लागला की गेला. भाला पडायच्या आत धावपट्टी सोडली तरी गेला, आणि बाहेर पडतानाही रेषेच्या मागून पडायचं. टोक आधी लागलं पाहिजे. पण रेषेच्या मागं कितीही अंतर ठेवलं तरी चालतं. मोजणी कमानीपासून होते, म्हणजे दोन मीटर मागून टाकला तर दोन मीटर जातात. पहिल्या फेकीला ते जाऊ द्यावेत. एक फेक नोंदली गेली की पोरीच्या जिवात जीव येतो.

येळ्ळूरकर (१ ऑगस्ट, सकाळी ७:३०)

पुढं जिल्ह्याला गेली तर बेळगावच्या मैदानावर पुकारा कन्नडमध्ये होतो. भालाफेकीला "भर्जी एसेत" म्हणतात, हे तिला आधीच सांगून ठेवा. माझ्या पुतणीचं नाव पुकारलं आणि तिला कळलंच नाही, धावत जावं लागलं.

चिक्कोडीची_ताई (१ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

खरं आहे. मला पहिल्यांदा पाय कसा अडवायचा ते शिकवलं ते कन्नड बोलणाऱ्या गुरूंनी. मला तेव्हा धड कन्नड येत नव्हतं. ते मैदानाच्या टोकावरून ओरडायचे, "एडगालु! एडगालु!" डावा पाय. सावकाश म्हणजे "निधान", झटकन म्हणजे "बेग". पहिली पावलं निधान, शेवटची बेग. आजही मी मराठी मुलींना शिकवताना तोंडातून एडगालुच येतं, आणि त्याही आता तेच म्हणतात. तिच्या कानावर हे चार शब्द आत्तापासून पडू द्या. चांगला गुरू भेटला तर भाषेसाठी तो सोडू नये.

हल्याळचा_पाऊस (१ ऑगस्ट, दुपारी १:००)

आमचा मुलगा बेचक्यात धरून टाकायला लागलाय, तक्रार नाही. केनियाच्या ज्युलियस येगोचं वाचून तो मोबाईलवर शिकतो म्हणतो. चालेल का?

कडोलीचे_आजोबा (१ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०)

येगो व्हिडिओ बघून शिकला आणि २०१५ ला ९२.७२ टाकून जगज्जेता झाला, हे खरं. पण दुसऱ्याचे व्हिडिओ जेवढे बघेल तेवढेच स्वतःचेही बघू दे. आपण काय करतो असं वाटतं आणि प्रत्यक्षात काय करतो, यात फार अंतर असतं.

मलप्रभाकाठ (२३ ऑगस्ट, रात्री ९:३५)

आज तालुका झाला. सकाळपासून भुरभुर, धावपट्टी निसरडी. मी घरून दोन जुने टॉवेल नेले होते, एक भाल्याच्या सुतळीला, एक बुटांच्या तळाला.

पहिली फेक: रेषेच्या जवळजवळ तीन मीटर मागून, २३.४०. पांढरं निशाण वर गेलं तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. दुसरी: पाय घसरला, भाला चपटा पडला, फाऊल. मला धास्ती वाटली की आता पुन्हा आवरणार. हलगी वाजवायला परवानगी नव्हती, म्हणून हलगीवाला मुलगा कुंपणाबाहेर उभा राहून मांडीवर ठोके देत होता, तिला दिसेल असा. तिसरी: थांबली नाही. ढ-टाक मला इथवर ऐकू आलं. २८.१०. जिल्ह्यासाठी निवड झाली.

तिची आई बांधावरून थेट मैदानावर आली होती, पायाला चिखल तसाच. भाला हातात घेऊन म्हणाली, "एवढा हलका असतोय व्हय?"

फिजिओताई, तिसऱ्या फेकीनंतर डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं दुखतंय म्हणाली. सूज नाही, चालते नीट.

टिळकवाडी_फिजिओ (२३ ऑगस्ट, रात्री ९:५०)

अभिनंदन, सर! तिलाही सांगा. घोट्याला आज-उद्या बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, फडक्यात गुंडाळून. चार दिवस झेप आणि अडवणं बंद. नुसतं दोरीपाशी उभं राहून वाळूचा चेंडू चालेल. पाचव्या दिवशी त्या एका पायावर दहा उड्या मारायला सांगा. दुखलं तर दाखवायला आणा, मी बघते.

चिक्कोडीची_ताई (२३ ऑगस्ट, रात्री १०:०५)

सर, डोळ्यांत पाणी आलं. त्या हलगीवाल्या पोरालाही जिल्ह्याला घेऊन या.

घोटा बरा झाल्यावर दोन पावलांत भाला मागं न्यायचं शिकवू. म्हणजे पाचाची सात, मग नऊ पावलं करता येतील. तिसऱ्या फेकीचा व्हिडिओ कुणी काढला का?

मलप्रभाकाठ (२३ ऑगस्ट, रात्री १०:१२)

काढलाय, ताई. उजव्या बाजूनं, कंबरेच्या उंचीवरून. इथं नेट चढलं की टाकतो.